स्वखुशीची वाट

वाचन : मार्क ४:२६-२९, लूक १०:३०-३७, प्रेषितांची कृत्ये १६:६-१०, २ करिंथ १:१५-२३, ८:१-५, १६-१७



काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त मी रायपूरला गेलो होतो. रविवारच्या उपासनेनंतर माझे मराठी ऐकून एक वृद्ध भगिनी जवळ आल्या. रायपूर हे १८५४ साली खालसा होईपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातले शहर. तेथे मराठी कानी पडणे नवलाचे नाही. "घर जवळच आहे, भाऊ. चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. मी घड्याळाकडे पाहिले. दुपारी तपासावयाची पाने ठरलेली होती. "पुढच्या खेपेस नक्की येतो, आजी," असे सांगून मी निघालो. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या प्रभूकडे गेल्या होत्या. त्या दुपारी कोणती पाने तपासली, हे आज मला आठवत नाही. ती हाक मात्र आठवते.

मग आपण आखणी करूच नये काय? की आखणीत अवचित आलेल्या हाकेसाठी जागा ठेवावी? नव्या करारातील तीन ग्रीक शब्द या प्रश्नावर प्रकाश टाकतात.

१. आपोआप. मार्काच्या चौथ्या अध्यायातील दाखल्यात भूमी 'औतोमाते', म्हणजे आपोआप, पीक देते. हा शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो : पेत्रासमोर शहराचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो तेथे (प्रे. कृत्ये १२:१०). छत्तीसगढ म्हणजे भाताचे कोठार. तेथील शेतकऱ्यास हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. नांगरणी, पेरणी त्याची. पण अंकुर त्याच्या हुकमाने फुटत नाही. म्हणून उत्स्फूर्तता म्हणजे आळस नव्हे. आपले काम करून उरलेले देवाच्या हाती सोपविणाऱ्यालाच तो अंकुर दिसतो.

२. योगायोगाने. यरीहोच्या वाटेवरील याजक 'काता सिंकिरियान', म्हणजे योगायोगाने, त्या वाटेने चालला होता, असे प्रभू सांगतो. हा शब्दही नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी आहे. लक्षात घ्या, अवचित प्रसंग याजकाला मिळाला, लेव्याला मिळाला आणि शोमरोन्यालाही मिळाला. शोमरोनीही रिकामा हिंडत नव्हता; तो प्रवासात होता. दुसऱ्या दिवशी तो पुढे गेला, पण उतारशाळेच्या रक्षकाला पैसे देऊन आणि परत येण्याचा शब्द देऊन. प्रसंग सर्वांना सारखाच आला. थांबला तो एकच.

३. स्वखुशीने. तीत करिंथास गेला तो 'औथैरेतोस', म्हणजे स्वखुशीने (२ करिंथ ८:१७). पौलाने त्यास विनंती केली होती, तरी तो ओढला गेला नाही. त्याचे मन आधीच निघाले होते. हाच शब्द पौल त्याच अध्यायात मासेदोनियातील मंडळ्यांच्या दानाविषयी वापरतो (८:३). आता या मंडळ्या कोठून आल्या ते पाहा. पौलाला आशियात वचन सांगण्यास आत्म्याने मना केले, बिथुनियाची वाट बंद झाली, आणि त्रोवसात रात्रीच्या दृष्टान्तानंतर तो मासेदोनियाकडे वळला. न ठरविलेल्या त्या वळणावर फिलिप्पै येथे मंडळी उभी राहिली, आणि पुढे मासेदोनियातील मंडळ्यांनी स्वखुशीने दिले.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. प्रवासाचा बेत बदलल्यामुळे पौलावर चंचलपणाचा आरोप आला होता. त्याने उत्तर दिले की आपला बेत लहरीने बदललेला नाही. करिंथकरांची गय करावी म्हणून आपण आलो नाही (२ करिंथ १:२३). लहर आणि स्वखुशी यांतील भेद हाच. लहर स्वतःच्या सोयीसाठी वळते. स्वखुशी दुसऱ्याच्या हितासाठी वळते.

रायपूरच्या परिसराला याची एक साक्ष आहे. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर हे रांचीकडे गोस्नर मिशनमध्ये सेवा करीत होते. १८५७ च्या उठावात ते काम तुटले आणि ते अमेरिकेस गेले. १८६८ साली ते भारतात परतले ते छत्तीसगढात. तेथे त्यांनी वसविलेल्या ठाण्याचे नाव विश्रामपूर. तुटलेल्या वाटेचा माणूस नव्या वाटेवर विसाव्याचे गाव वसवितो, हे चिंतन करण्याजोगे आहे.

म्हणून, वाचकहो, दिनदर्शिका फेकून देऊ नका. याकोबाने सांगितल्याप्रमाणे, प्रत्येक बेताखाली प्रभूच्या इच्छेची अट मनोमन लिहा (याकोब ४:१३-१५). दिवसातला थोडा वेळ कोणाच्याही नावे न लिहिता मोकळा ठेवा. गाडीत शेजारी बसलेला प्रवासी, दारात आलेली शेजारीण, उपासनेनंतर हाक मारणारी आजी, यांपैकी कोणासाठी तो वेळ आहे, हे प्रभूला ठाऊक आहे.

चिंतनासाठी प्रश्न
१. गेल्या आठवड्यात कोणत्या हाकेला मी "पुढच्या खेपेस" असे उत्तर दिले?
२. माझा बेत मी बदलला तो कोणाच्या हितासाठी?
३. ज्या व्यक्तीकडे जाणे अजून शक्य आहे, तिच्याकडे मी आज जाईन काय?