एक दुधी तोडायचा नाही

"ताई, वेल नुसताच माजलाय, फुलं येतात न् गळून जातात," असं परवा तू रडकुंडीला येऊन सांगत होतीस आणि मला हसू फुटलं. रागावू नकोस. पहिल्या वर्षी मीही विळा घेऊन वेल काढायला निघाले होते. आत्याबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "अगं, ही नरफुलं आहेत. गळणारच. दम धर जरा."

दुधी आधी नुसती नरफुलं काढतो, लांब देठाची. आठ-पंधरा दिवसांनी मादी फुलं दिसायला लागतात. ओळखायची खूण सोपी आहे. फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा केसाळ दुधी आधीच असतो. ते दिसेस्तोवर युरिया टाकू नकोस, त्याने पाला अजूनच माजेल. शेंड्याचा कोंब मात्र खुडून टाक. मादी फुलं जास्त करून बाजूच्या फांद्यांवर येतात, त्या फुटू देत.

पण मला खरं बोलायचंय ते बियाण्याबद्दल. दर जूनला पाकीट आणतेस ना? मीही आणायचे. एका वर्षी हायब्रीडच्या पाकिटातला दुधी झकास निघाला म्हणून त्याचंच बी धरलं. पुढच्या वर्षी तीन वेलांना तीन तऱ्हा, आणि त्यात एकही आधीसारखा नाही. हायब्रीडचं असंच असतं, त्यात दुकानदाराचा दोष नाही. तेव्हा पहिल्यांदा सरळ वाणाचं बी घे. राहुरीच्या विद्यापीठाचा 'सम्राट' आहे, किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार. त्याहून चांगलं म्हणजे गावातल्याच एखाद्या म्हातारीच्या चुलीवर टांगलेला वाळका दुधी माग. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे अशीच गावठी बियाणं जपत आल्या, त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला पदक नको, आमटीपुरता दुधी हवा.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात सपाट जागी बी टाकलंस की कुजलंच म्हणून समज. वीतभर उंचवटा कर, पाटीभर कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळ. बी रात्रभर भिजव, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, मोड दिसला की पेरभर खोल लाव. जून-जुलैत लाव, नाहीतर थंडी ओसरल्यावर जानेवारीअखेर. डिसेंबरच्या गारठ्यात ते उगवायचं नाव घेत नाही. आणि दोन वेल पुरे. आठ लावलेस तर शेजारणी तुला बघून दार लावून घेतील.

पहिल्या दोन पानांवर लाल भुंगे बसतात, सकाळी दव असतानाच चुलीची राख भुरभुर. भुरीसाठी कुणी गंधकाची भुकटी सुचवली तर नको म्हण, वेलवर्गाची पानं करपतात. वाकडी, डिंक गळणारी फळं दिसली की ती फळमाशी. तशी फळं तोडून खड्ड्यात पूर, उकिरड्यावर टाकू नकोस.

आता माझी चूक ऐक. सरळ वाणाचं बी आणलं, दुधी लागले, सगळे चांगले खाल्ले, वाटले. शेवटी वेल वाळायला लागला तेव्हा एक वाकडा, अर्धा किडका उरला होता, तोच बियाला ठेवला. दुसऱ्या वर्षी वेलही तसाच रडका निघाला. अगं, गाय विकत घेताना आपण गोठ्यातली मरतुकडी निवडतो का?

म्हणून दुसरा-तिसरा जो सुबक, सरळ दुधी लागेल, त्याच्या देठाला लाल दोरा बांध आणि त्याला हात लावू नकोस. जीव वर-खाली होतो, मला ठाऊक आहे. तो मोठा व्हायला लागला की वेल पुढची फळं कमी धरतो, तेवढी झळ सोसायची. एक वेल बियाला ठेव, दुसऱ्याचं खा.

त्याच्याही आधी एक काम आहे. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारीच उद्या-परवाच्या नव्हे, आज उमलायच्या बेतात असलेल्या मादी कळीवर पातळ फडक्याची पिशवी बांध, दोन नर कळ्यांवरही बांध. दिवेलागणीला मोबाईलच्या उजेडात नरफुलाच्या पाकळ्या सोलून मधली पिवळी दांडी मादीच्या तोंडावर हलकेच फिरव, पुन्हा पिशवी बांधून टाक. तुझे दाजी बघून म्हणाले होते, लग्न लावतेस का काय! हसू देत. कुंपणात कुणाचा कडू तुंबा असेल तर रात्रीचा पतंग त्याचा पराग आणतो, आणि पुढच्या पिढीत दुधी कडू निघतो. तसा कडू दुधी साधा नव्हे. चिरल्यावर आधी जिभेला कपचा लावून बघ. कडू लागला तर फेक, रस तर मुळीच काढू नकोस. त्याने उलट्या-जुलाब होऊन माणसं दवाखान्यात गेलीत, दगावलीही आहेत.

दोन महिन्यांनी साल लाकडासारखी टणक होते, हलवलं की आत बी खुळखुळतं. तेव्हाच तोड. ज्या कवचात पूर्वी विहिरीत पोरं पोहायला शिकायची आणि ज्याच्या मोठ्या जातीचे मिरजेत तंबोरे होतात, तेच हे कवच. करवतीने काप, बी धुऊन सावलीत वाळव, पाण्यावर तरंगणारं पोचट टाकून दे, राहिलेलं राखेत मिसळून बरणीत भर. कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं उगवतं.

माझ्या लाल दोऱ्याच्या दुधीतून बी भरपूर निघालंय. त्यातल्या वीस टपोऱ्या बिया तुझ्या नावाने बाजूला काढल्यात. येताना रिकामी बरणी आण, आणि ते पाकीट या वर्षी घेऊ नकोस.