ललिताबाई, मंथरा आणि शनिवारवाडा

प्रश्न : आमच्या घरी ललिता पवार म्हटले की 'रामायण'मधली मंथराच सगळ्यांना आठवते. आजी मात्र त्यांना 'आनंदीबाई' म्हणायची. त्यांचा पुण्याशी नेमका काय संबंध? आणि डोळा अधू झाला म्हणूनच त्या खाष्ट सासू झाल्या, हे खरे का?
— एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : तुमच्या आजीची आठवण पक्की होती. प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ साली पडद्यावर आला. गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे झाले होते आणि ललिताबाई आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो शनिवारवाडा तुमच्या पेठेला लागूनच. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई ही आख्यायिका असेल, पण कसब्यातल्या आज्या-पणज्यांनी ती लहानपणापासून ऐकलेली. ती बाई पडद्यावर प्रत्यक्ष बोलताना-चालताना दिसली, तेव्हा तिचा चेहरा ललिताबाईंचाच होऊन बसला, यात नवल नाही.

पण त्यांचा पुण्याशी संबंध त्याच्या कितीतरी आधीचा. जन्म १९१६चा, मूळ नाव अंबा, आडनाव सगुण, कुटुंब नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे. मूकपटांच्या काळात पुण्यात नानासाहेब सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी होती. कोवळ्या वयातच अंबा तिथे कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. पुढे ती नायिका झाली. बोलपट आल्यावर स्वतः गाऊ लागली. १९३५चा 'हिम्मत-ए-मर्दा' हा त्या काळातला. १९३८ साली 'दुनिया क्या है' हा टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर बेतलेला चित्रपट त्यांनी काढला, म्हणजे निर्मितीही केली. विशी-बाविशीतल्या मराठी मुलीने त्या काळी एवढे धाडस करावे, याची नोंद आपण फारशी घेतलेली नाही. याचे मला फार वाईट वाटते.

आता डोळ्याचे. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'चे चित्रीकरण चालू होते. प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याचा पक्षाघात झाला, उपचार काही वर्षे चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. ललिताबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. नायिकेचा चेहरा निर्दोषच हवा, असा सिनेमाच्या धंद्याचा दंडक होता आणि आजही तो फारसा बदललेला नाही. त्यामुळे नायिकेच्या भूमिकांचे दार बंद झाले. तेवढ्यापुरते तुमचे म्हणणे खरे. पण अपघाताने त्यांच्या भूमिका बदलल्या. अभिनय त्यांचा आधीपासूनचा होता.

तो पाहायचा असेल तर सासू बाजूला ठेवा आणि १९६२चा 'प्रोफेसर' पाहा. त्यात त्या पोरींवर करडी नजर ठेवणाऱ्या, कडक शिस्तीच्या आत्याबाई आहेत. शम्मी कपूर म्हातारा प्रोफेसर बनून घरात शिकवायला येतो, आणि हीच बाई हळूहळू त्याच्यावर भाळते. आवाज मऊ होतो, नटण्याकडे लक्ष जाते. आपण हसतो, पण त्या बाईला हसत नाही. तिचे एकटेपण तेवढ्यात डोळ्यांसमोर येऊन जाते. अधू डोळ्याने नुसता धाक घालणाऱ्या नटीला हे साधले नसते.

'अनाडी'तल्या (१९५९) मिसेस डिसा याच जातीच्या. तोंडाने फणस, आतून गरा. राज कपूरवर सतत खेकसणारी ही घरमालकीण त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करते आणि भेसळीच्या औषधाने मरते, तेव्हा चित्रपटगृहात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले. 'श्री ४२०'मधली केळेवाली गंगामाईही त्यांचीच.

टीव्ही मात्र ललिताबाईंना फार उशिरा मिळाला, हे ब्राझीलकडे पाहिले की जाणवते. तिथल्या अभिनेत्री फर्नांदा मोंतेनेग्रो यांनी नाटक, सिनेमा आणि टीव्हीवरच्या मालिका ही सगळी कामे बरोबरीने केली आणि १९९८च्या 'सेंट्रल स्टेशन'साठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. टीव्ही त्यांना तरुणपणीच भेटला होता. ललिताबाईंच्या वाट्याला तो आला तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९६१च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्या एकदा मंथरा झालेल्याच होत्या. जानेवारी १९८७मध्ये रामानंद सागरांची मालिका सुरू झाली आणि त्या पुन्हा मंथरा झाल्या. वाकलेली पाठ, मिचकावल्यासारखा डोळा आणि पद्मा खन्नांच्या कैकेयीच्या कानाशी हळूच सोडलेला शब्द. रविवारी सकाळी ज्यांनी हे पाहिले, त्यांच्या मनात पुढे दुसरी मंथरा बसलीच नाही.

अखेरच्या आजारपणात त्या पुण्यातच राहिल्या आणि २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंधच्या घरी गेल्या. ज्या गावात कॅमेरा पहिल्यांदा पाहिला, त्याच गावात.

तुम्ही एवढे करा : घरातल्या तरुण मंडळींना एका आठवड्यात 'रामशास्त्री' आणि 'अनाडी' दोन्ही दाखवा. आनंदीबाई आणि मिसेस डिसा ही एकच बाई आहे, हे मात्र त्यांना चित्रपट संपल्यावरच सांगा.