समुपदेशन नोंदणीच्या खिडकीपासून

आमच्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे तक्ते दरवर्षी असतात. समुपदेशन कक्षाच्या वाट्याला त्यात एकच ओळ येते : किती व्यक्ती आल्या. या वर्षी त्या ओळीमागचा विषय सभासदांपुढे थोडा सविस्तर मांडावा, असे आम्हांस वाटले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मानसशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. जे लिहीत आहोत ते कक्षातील समुपदेशक भगिनींकडून व थोड्या वाचनातून शिकलेले आहे, आणि त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून होते.

वैनगंगेकाठच्या एका गावातील महिला डोकेदुखीसाठी तीनदा रुग्णालयात आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोनदा ती केसपेपर न काढताच परत गेली. खिडकीवर पतीचे नाव, जात आणि ‘काय होते आहे’ हे सारे रांगेतील वीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले जात होते, आणि रांगेत तिच्याच गावची माणसे उभी होती. डोकेदुखी मारहाणीतून आली होती, हे तिने तिसऱ्या खेपेस एकांतात सांगितले. नोंदणीचा तो नमुना आम्हीच तयार केला होता. त्यात जातीचा रकाना कशासाठी ठेवला होता, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आजही देता येत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवण व शोक, आणि शेवटी माणसांत परतणे. पहिला टप्पा गाळून दुसऱ्याला हात घातला, की बोलणे हाच दुसरा आघात ठरू शकतो. आघाताची आठवण बहुधा क्रमाने येत नाही. नंतरचे आधी येते, आधीचे राहून जाते, मध्येच एखादा वास किंवा आवाज तेवढा लख्ख आठवतो. ऐकणाऱ्यास वाटते, हा माणूस दर वेळी वेगळेच सांगतो, म्हणजे खोटे बोलतो. शिवाय मनाआधी शरीर बोलते. झाडीपट्टीतला रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘मले कसंतरीच होते’ म्हणतो, आणि ते ऐकून आपण रक्तदाब मोजून त्यास घरी पाठवतो.

म्हणून आमच्या भगिनी ‘तुमचे काय बिघडले आहे’ असे न विचारता ‘तुमच्यावर काय गुदरले’ असे विचारतात, आणि तेही पहिल्याच भेटीत नव्हे. दार लावायचे की उघडे ठेवायचे, हे येणारी व्यक्ती ठरवते. तिची खुर्ची दाराजवळ असते. प्रथम पाहिले तेव्हा आम्हांस ही मांडणी गैरसोयीची वाटली होती.

रुग्णालयातच असे काम होऊ शकते, याचा महाराष्ट्रातील दाखला म्हणजे ‘दिलासा’. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, घरातील हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी हे केंद्र उभे केले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही त्याचा विस्तार झाला. त्यातील मर्म असे, की रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रीस घरचे फारसे अडवत नाहीत. पोलीस ठाण्यात जाणारीस अडवतात. तेथे परिचारिका व डॉक्टर यांनाच हिंसेच्या खुणा ओळखण्याचे शिक्षण दिले गेले. तक्रार करावी की नाही, हा निर्णय मात्र तिचाच राहतो.

आपल्या जिल्ह्यात या विषयावर बोलताना खैरलांजीस वळसा घालता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील त्या गावी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मागे उरलेले भैय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. त्या दहा वर्षांत पोलीस, न्यायालय, पत्रकार, पुढारी यांच्यापुढे तीच हकीकत त्यांना किती वेळा सांगावी लागली असेल, याचा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता. जातीचा अपमान सोसून आलेल्यास ‘मनावर घेऊ नका’ असे म्हणणे सोपे असते. परंतु त्यायोगे दोष गावाचा न राहता त्याच्या मनाचा होतो. आता आमच्या कक्षात हकीकत एकदाच, एकाच व्यक्तीपुढे घेतली जाते. पुढच्या डॉक्टरांनी कागद वाचावा, रुग्णास पुन्हा विचारू नये, असा नियम आहे. तो नेहमी पाळला जातो असे नाही.

विषप्राशन करून आलेल्या रुग्णास रागावणे ही तर आपल्याकडील जुनी सवय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावयाचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सर्वसाधारण गुन्हा म्हणून उरलेला नाही. पोलिसांना सूचना द्यावी लागते; दटावणे कोठेही बंधनकारक नाही. त्याच अधिनियमाचे कलम १८ जात, धर्म, लिंग, लैंगिक कल यांवरून मानसिक आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना २०१४ साली मान्यता दिली. आमच्या केसपेपरवर तिसरा रकाना त्यानंतर पुष्कळ उशिरा आला.

जातीचा रकाना काढला आहे. खिडकीपुढे पिवळी रेघ आखून पुढच्या माणसास मागे थांबविले जाते. समुपदेशन कक्षाची पाटी उतरवून तो रक्तदाब तपासणीशेजारी हलविला, म्हणजे कोण कोणत्या दारी गेले हे कोणास कळू नये. या सर्वांस झालेला खर्च किरकोळ दुरुस्तीच्या खात्यात सामावला. मोठा खर्च पुढेच आहे. विषबाधेचे रुग्ण अनेकदा रात्री येतात आणि कक्ष सायंकाळी पाच वाजता बंद होतो. तोपर्यंत रात्री ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक नातेवाइकांच्या हाती देण्यापलीकडे आमच्याजवळ फारसे काही नाही. दुसऱ्या समुपदेशकाच्या पदासाठी विश्वस्त मंडळाकडे प्रस्ताव सादर केला आहे.