पट्टी हातात पडेपर्यंत

आमचे वडील गुळाचे अडते. हंगामात शाहू मार्केट यार्डातून दुपारी घरी आले की कपड्यांना गुळाचा वास आणि तोंडात सौद्याचे दर. त्यांचे एक म्हणणे आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकले की त्याकडे लक्ष देणेच सोडून दिले होते. "सौदा झाला म्हंजे माल विकला न्हाई. पट्टी हातात पडली, मग विकला." पट्टी म्हणजे वजन, दर, हमाली, तोलाई सगळे मांडून शेवटी किती पदरात पडले ते सांगणारा कागद.

२०१८ च्या सुरुवातीला मी इंग्लंडहून कोल्हापूरला परत आलो आणि राजारामपुरीत गाळा घेतला. पाटीवाला पेंटर म्हणाला, "डॉक्टर, नावाखाली काय घालू?" मी सांगितले, एम.डी. मेडिसिन, एम.आर.सी.पी., यू.के. त्याने लिहून घेतले आणि विचारले, "आणि खाली मोठ्या अक्षरात हृदयरोगतज्ज्ञ ना?"

साडेचार वर्षे मी तिकडे कार्डिऑलॉजीच्या वॉर्डात काढली होती. रात्री-अपरात्री क्रॅश कॉलला धावलो होतो, अँजिओग्राफी केल्या होत्या, तात्पुरते पेसमेकर बसवले होते. तरीही त्याला "हो" म्हणता येईना. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांत ७.२० क्रमांकाचे कलम आहे. त्या शाखेची खास पदवी असल्याशिवाय स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. माझ्याकडे काम होते, पदवी नव्हती. वडील शेजारीच उभे होते. पेंटर गेल्यावर एवढेच म्हणाले, "मग तिकडं पाच वर्सं केलंस काय?"

चूक कुठे झाली ते सांगतो. एम.डी. २०११ मध्ये झालो. त्या काळी डी.एम. कार्डिऑलॉजीसाठी देशभर एक परीक्षा नव्हती. दिल्ली, चंडीगड, लखनौ, त्रिवेंद्रम, शिवाय प्रत्येक राज्याची वेगळी. रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर बसून अभ्यास करायचा आणि चार-दोन जागांसाठी शेकडोंत बसायचे. मी दोन वर्षे आपटलो. होस्टेलमधला एक सीनियर तेव्हा इंग्लंडात होता. फोनवर म्हणाला, "एम.आर.सी.पी. कर नि ये. इथं कार्डिऑलॉजी मिळते."

त्या "मिळते"वर मी आयुष्याची पाच वर्षे लावली. तो खोटे बोलला नव्हता. कार्डिऑलॉजीत नोकरी मिळते, हे खरेच होते. कार्डिऑलॉजीचे प्रशिक्षण मिळते, असे तो म्हणाला नव्हता आणि मी विचारले नव्हते.

इंग्लंडात एकाच वॉर्डात, एकाच रोटावर, गळ्यात तेच स्टेथोस्कोप घालून दोन जातींचे डॉक्टर काम करतात. एकाकडे ट्रेनिंग नंबर असतो. दरवर्षी त्याच्या प्रगतीचा आढावा घेणारी समिती बसते, त्याची एका रुग्णालयातून दुसऱ्यात ठरवून बदली होते आणि शेवटी त्याला सी.सी.टी. नावाचे प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्याचे पद क्लिनिकल फेलो, ट्रस्ट डॉक्टर असे काहीतरी असते. त्यालाही पगार बरा, कामही तेच. त्याला पट्टी मात्र मिळत नाही. मी दुसरा होतो. एम.आर.सी.पी.ला आपल्याकडे लोक पदवी समजतात. तिकडे तो तज्ज्ञतेच्या वाटेवरचा उंबरठा आहे. ओलांडला नाही तर आत जाता येत नाही, ओलांडला म्हणजे घरात बसलो असेही नाही.

ती वाट लांब आहे. एम.बी.बी.एस.नंतर २ वर्षे फाउंडेशन, मग ३ वर्षे इंटर्नल मेडिसिन, मग ५ वर्षे कार्डिऑलॉजी. सगळे सुरळीत झाले तर १० वर्षे, आणि २०२२ च्या अभ्यासक्रमापासून त्यात कार्डिऑलॉजीबरोबर जनरल मेडिसिनचीही जबाबदारी. आपल्याकडे इंटर्नशिपनंतर ३ वर्षे एम.डी. आणि ३ वर्षे डी.एम. किंवा डीआर.एन.बी. म्हणजे सहा. हा हिशेब कागदावर आपल्या बाजूचा दिसतो. नीटच्या तयारीत गेलेली वर्षे आणि बाँडची वर्षे त्यात कोणी धरत नाही, ती धरा म्हणजे फरक बराच कमी होतो.

माझ्या वेळी युरोपीय संघाबाहेरच्या उमेदवाराचा विचार स्थानिक उमेदवार संपल्यावर व्हायचा, आणि कार्डिऑलॉजीत स्थानिक संपतच नसत. मी परत आल्यावर, २०१९ च्या ऑक्टोबरात, सगळेच डॉक्टर टंचाईच्या यादीत गेले आणि ते दार उघडले. मग जगभरातून इतकी झुंबड उडाली की जुलै २०२५ च्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश सरकारने आपल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. म्हणून सीनियरच्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही नाही. तो ज्या साली गेला त्या सालचे नियम सांगत असतो.

तरी तिकडे गेलो ते वाया गेले असे म्हणवत नाही. पहिल्याच महिन्यात एका म्हातारबुवांना तात्पुरती पेसिंग वायर घालताना माझा हात घाईत होता. कन्सल्टंटने शांतपणे हात धरून थांबवला, स्वतः पुरे केले, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारले, "काल तुला नेमके काय येत नव्हते?" आपल्याकडे हा प्रश्न विचारला जातो तो सगळ्यांसमोर, आणि उत्तर ऐकण्यासाठी नसतो. तिथे "मला हे येत नाही" असे म्हणणाऱ्याला शिकवतात. तिथल्या इको संघटनेची मान्यता हवी तर २ वर्षांत २५० इकोंची नोंदवही लागते, त्यातले काही नमुने बारकाईने तपासले जातात. ही शिस्त मी आजही पाळतो, माझ्या टेक्निशियनला ती फार जाचक वाटते.

२०१७ पासून, दिल्ली-चंडीगडसारख्या काही संस्था सोडल्या तर, डी.एम.साठी देशभर एकच परीक्षा, नीट-एसएस, सुरू झाली होती. २०१८ मध्ये दिली, नाही जमले. २०१९ मध्ये जमले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा रेसिडेंट झालो. आमचे एक लेक्चरर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांना सर म्हणायला मला अवघड गेले नाही, त्यांनाच माझ्याकडून ते ऐकायला अवघड जायचे. मधले जवळजवळ एक वर्ष कोविडच्या ड्यूटीत गेले. २०२२ मध्ये पास झालो.

त्या तीन वर्षांत जे कळले ते कुठल्याच माहितीपत्रकात नसते. प्रशिक्षण त्या त्या देशाच्या आजारांनी घडवलेले असते. इंग्लंडात साडेचार वर्षांत मी मायट्रल झडप आकसलेले रुग्ण दोन की तीन पाहिले, तेही सत्तरीच्या पुढचे. इथे पहिल्या आठवड्यात पाच. बावीस-चोवीस वर्षांच्या बायका, एक तर सात महिन्यांची गरोदर. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, कोणी लक्ष दिले नाही, आणि झडप गेली. बलून घालून ती झडप उघडायला मी इथेच शिकलो. लंडनमध्ये शिकलेला उत्तम इंटरव्हेन्शनिस्ट हे फारसे न करताच तयार होऊ शकतो.

दुसरी गोष्ट हार्ट अॅटॅकची. तिकडे रुग्णवाहिकेतच ईसीजी होतो, आणि गाडी जवळचे रुग्णालय सोडून थेट कॅथलॅबच्या दारात येते. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन मी तिथे जवळजवळ विसरलोच होतो. आता चंदगडचा नकाशा बघा. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, लोक जवळ पडते म्हणून बेळगाव गाठतात. गगनबावड्याचा, राधानगरीच्या आतल्या वाड्यांचा पावसाळा वेगळाच. दोन तासांत बलून होण्यासारखा नसेल तर आधी इंजेक्शन द्यायचे, हा जगभर मान्य नियम. फक्त तिकडे तो अपवाद आहे आणि आमच्या जिल्ह्यात तो रोजचा धंदा. ग्रामीण रुग्णालयातला मेडिकल ऑफिसर मोबाइलवर ईसीजी पाठवतो, आणि मला एका मिनिटात सांगावे लागते, दे किंवा नको देऊ. हे मला इंग्लंडने शिकवले नाही. आणि इथे डी.एम.मध्ये शिकलो तेही रात्री तीन वाजता एकट्याने, चुकत-माकत. ते चुकत-माकत कोणाच्या जिवावर, याचा विचार आपल्या पद्धतीत फार होत नाही. तिकडे कामाचे आठवड्याचे ४८ तास, अमेरिकेत ८०. आपल्याकडे कागदावर काय लिहिले आहे ते रेसिडेंटला विचारू नये.

रविवारी सकाळी माझ्याकडे मुले येतात. बहुतेकांबरोबर वडील असतात. "सर, कुठल्या देशात कार्डिऑलॉजी चांगली?" असा प्रश्न असतो. मी उलट विचारतो, "पाटी कुठे लावायची आहे?" बहुतेक वेळा बाप आणि मुलगा वेगवेगळी गावे सांगतात, आणि तिथे मी दोघांना चहा पिऊन या म्हणतो.

पाटी कोल्हापुरात लावायची असेल तर आधी इथले डी.एम. किंवा डीआर.एन.बी. करा आणि मग एक-दोन वर्षे बाहेर जा. हृदयाच्या विजेचा अभ्यास, झडपेची नवी तंत्रे, कार्डिअॅक एमआरआय, असे एखादे अरुंद कौशल्य घेऊन या. तेव्हा फेलोशिप हा शब्द तुमच्या कामाचा ठरतो. पदवीच्या जागी फेलोशिप धराल तर माझ्यासारखे पेंटरसमोर उभे राहाल. आपल्याकडेही वर्ष-दोन वर्षांच्या भारदस्त नावाच्या फेलोशिपा निघाल्या आहेत. फी भरण्याआधी वैद्यक परिषदेकडे ती जादा पात्रता म्हणून नोंदवली जाते का, एवढे विचारा.

पाटी अमेरिकेत लावायची असेल तर इथे एम.डी., डी.एम. करण्यात वर्षे घालू नका. माझा एक वर्गमित्र एम.डी. करून गेला. तिथे त्याला मेडिसिनची ३ वर्षांची रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागली, मग कार्डिऑलॉजीची ३, मग अँजिओप्लास्टीसाठी आणखी १. त्या एका वर्षात २५० अँजिओप्लास्टी कराव्या लागतात, त्याशिवाय ते वर्ष पुरे धरत नाहीत. इथली एम.डी. त्याला उपयोगी पडली ती फक्त मुलाखतीत आत्मविश्वासाने बोलायला. शिवाय तो जे-वन व्हिसावर. शिक्षण संपले की २ वर्षे मायदेशी परत, नाहीतर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात ३ वर्षे नोकरी करून सूट घ्यायची. प्रत्येक राज्याला अशा वर्षाला ३० जागा. तो मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात राहिला. म्हणतो, "गगनबावडा बरा होता रे, निदान भजी मिळायची." सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आले, म्हणजे तो मार्ग धरायची रुग्णालयांची तयारीही आटली.

जर्मनीचे वेड अलीकडे इचलकरंजी-जयसिंगपूरकडून फार येते. तिथे वेगळी एम.डी. नाही. नोकरी करत करत मेडिसिन आणि कार्डिऑलॉजी मिळून ६ वर्षांत तज्ज्ञ होता येते, पगार पहिल्या दिवसापासून. भाषा मात्र रुग्णाचे दुखणे कळण्याइतकी यावी लागते, वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते. ही बाजू चांगली आहे. दुसरी बाजू अशी की २००८ च्या अधिसूचनेने परदेशी पदव्युत्तर पात्रतांना आपल्याकडे जी थेट मान्यता मिळाली ती पाच देशांची: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. त्यात जर्मनी नाही. तिकडेच राहायचे असेल तर काही अडत नाही. "शिकून परत येतो, आईला सांगितलंय," असे म्हणणाऱ्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून लेखी उत्तर घेऊन मगच आईला सांगावे.

आणखी एक, ज्याचा मला अजून राग आहे, स्वतःवरच. इंग्लंडात ट्रेनिंग नंबर नसलेल्यालाही तज्ज्ञ म्हणून नोंद मिळवायचा एक मार्ग होता आणि आहे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्याला पोर्टफोलिओ मार्ग म्हणतात, माझ्या वेळी त्याचे नाव वेगळे होते. आपण केलेले प्रत्येक काम, प्रत्येक प्रक्रिया, प्रत्येक ऑडिट पुराव्यानिशी मांडायचे, वरिष्ठांच्या सह्या जोडायच्या. गठ्ठा शेकडो पानांचा होतो. मला तो मार्ग माहीत होता. कामच इतके असायचे की नोंदी महिन्याच्या शेवटी करू म्हणायचो, मग सहा महिन्यांच्या. शेवटी शेवटी माझी नोंदवही म्हणजे खिशातल्या चिटोऱ्यांचा एक बूट ठेवायचा डबा होता, आणि त्यावर सही एकाचीही नव्हती. परत आल्यावर मी माझ्या कन्सल्टंटना मेल पाठवला. ते निवृत्त होऊन स्पेनला राहायला गेले होते. अत्यंत सौजन्याने उत्तर आले, "तू फार चांगले काम करायचास हे मला आठवते. किती केलेस ते मात्र मी आता कसे सांगू?"

तो डबा मी टाकलेला नाही. माळ्यावर वडिलांच्या जुन्या पट्ट्यांच्या गठ्ठ्याशेजारी आहे. त्यांच्या १९८६ च्या पट्ट्यांवरसुद्धा तोलाईदाराची सही शाबूत आहे. तेव्हा आज रात्री जी अँजिओग्राफी कराल तिच्यावरची सही आज रात्रीच घ्या, कन्सल्टंट गाडीची किल्ली शोधत असले तरी.