मधुमेही आज्जीची ‘उन्हाळी’ अंगावर काढू नका

लघवीला जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धने-जिऱ्याचं पाणी देतो. साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका. मूत्राशयातला जंतुसंसर्ग मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात जाऊ शकतो.

असं का होतं?
साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची ताकद घटते. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा कमजोर होतात. लघवी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्यानेही लघवी तुंबते. त्यात वस्तीतलं शौचालय लांब, वाटेत अंधार. म्हणून म्हाताऱ्या बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. यात त्यांचा दोष नाही. शौचालयाला दिवा, पाणी आणि कडी मागणं हेही आरोग्याचंच काम आहे.

क्वचित जंतू साखर आंबवून वायू तयार करतात. तो मूत्राशयाच्या भिंतीत किंवा मूत्रपिंडात साठतो. हा आजार बहुतेक मधुमेहींनाच होतो आणि सीटी स्कॅनमध्ये कळतो. मूत्रपिंडात झाला तर जीवावर बेततो.

कशावरून ओळखाल?
वयस्कांना जळजळ किंवा ताप नसेलही. एकाएकी असंबद्ध बडबड, माणसं न ओळखणं, गुंगी, जेवण बंद होणं, याला ‘वय झालं’ म्हणू नका. साखर कमी झाली तरी असं होतं, म्हणून घरी मशीन असेल तर लगेच साखर तपासा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, लघवी अडणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल किंवा धाप लागली तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. कोल्हापुरात सीपीआरला नेता येईल.

हे लक्षात ठेवा
• मेडिकलमधून विचारून अँटिबायोटिक घेऊ नका. शक्यतो औषधाआधी लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या.
• डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा.
• अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका, मूत्रपिंडाला इजा होते.
• जेवण बंद असेल तर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन द्यायचं की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.
• दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि साखरेचे जुने रिपोर्ट बरोबर न्या.