बँकेच्या आधी तू वाच

परवा तू महाडच्या बँकेतून पिकअपच्या कर्जाची फाईल परत घेऊन थेट माझ्याकडे आलास. चहासुद्धा नको म्हणालास. “आत्या, सिबिल कमी आहे म्हणे,” एवढंच बोललास, तेही कुणी चारचौघांत अपमान केल्यासारखं. बँकेत माझी एकोणतीस वर्षं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त कर्जाच्या टेबलावर. त्यामुळे तुझी फाईल परत आली त्याचं मला नवल वाटलं नाही. ती का परत आली हे तुला कुणी नीट सांगितलं नाही, याचं मात्र वाईट वाटलं. म्हणून निवांत बसून लिहिते आहे.

सिबिल हे एका कंपनीचं नाव. ती २००० साली निघाली. २००५ साली या धंद्याचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. तू घेतलेल्या प्रत्येक कर्जाची नि क्रेडिट कार्डाची माहिती बँका, फायनान्स कंपन्या त्यांना कळवत राहतात आणि त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. साधारण साडेसातशेच्या वर असला की अर्ज सरळ पुढे सरकतो. या आकड्यात तुझी जात नाही, गाव नाही, आजोबांची पुण्याई नाही. खात्यात दोन लाख पडून असले तरी त्यानं तो वाढत नाही. घेतलेलं वेळेवर फेडलंस का, मिळालेल्या मर्यादेतलं किती वापरतोस, किती जुना कर्जदार आहेस आणि अलीकडे किती दारं ठोठावलीस, हेच तो मुख्यतः पाहतो.

तुझा रिपोर्ट आपण माझ्या मोबाईलवर काढला, आठवतंय? या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेचा तो नियमच आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं गुण कमी होत नाहीत, त्यामुळे ती भीती सोड. त्यात खाली बारीक चौकटींची एक पट्टी होती. प्रत्येक चौकटीवर महिना आणि खाली तीन आकडे. ००० म्हणजे हप्ता वेळेवर, नाहीतर जितके दिवस उशीर तितका आकडा. तुझी सात शून्यं ओळीनं छान लागली होती, मग ०३४, मग ०६५, मग ०९५. मोबाईलचा ₹१,८५० चा हप्ता. फोन पावसात भिजून बंद पडला म्हणून तू भरणं सोडलंस. फोन बंद पडला तरी कर्ज चालूच राहतं रे. नव्वद दिवस उलटले की बँकेच्या भाषेत ते खातं थकीत, एनपीए. साडेपाच हजारांच्या थकबाकीनं तुझी सात लाखांची पिकअप अडवली.

आता ते पैसे भर आणि ‘नो ड्यूज’चं पत्र लेखी घे. जुन्या चौकटी लगेच पुसल्या जाणार नाहीत, ती माहिती वर्षानुवर्षं राहते. पण पुढे बारा-चौदा महिने स्वच्छ शून्यं दिसली की बँकेतला माणूस तीच आधी बघतो. मीही तसंच बघायची.

कुणी ‘तडजोड करा, थोडे कमी भरा, खातं मिटवून टाकू’ म्हणालं तर मोह आवर. २२ जुलै २०२१ ला सावित्रीला महापूर आला, महाडच्या बाजारपेठेचे तळमजले बुडाले, ते तू पाहिलं आहेस. त्यानंतर दोन दुकानदार माझ्याकडे सल्ल्याला आले होते. एकानं चिखलात भिजलेल्या वह्या गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरून आकडे वाचता येत नव्हते. त्याच वह्या, पंचनाम्याची प्रत आणि एक साधा अर्ज घेऊन तो बँकेत गेला आणि कर्जाची फेररचना करून मागितली. नैसर्गिक आपत्तीत अशी सवलत द्यायची तरतूद रिझर्व्ह बँकेनं केलेली आहे, पण ती वेळेत आणि लेखी मागावी लागते. त्याला मुदत वाढवून मिळाली, आज त्याचं दुकान चालू आहे. दुसऱ्यानं वर्षभर बँकेचा फोन उचलला नाही आणि शेवटी तडजोडीत काही रक्कम माफ करून घेतली. त्याला वाटलं सुटलो. रिपोर्टवर मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा बसला. त्याचा अर्थ एवढाच, की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. दोन वर्षांनी मुलीच्या घरकर्जात सहकर्जदार म्हणून त्याचं नाव घातलं, तिथे तो शेरा आडवा आला. राहिलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घ्यायला त्याला आणखी वर्ष लागलं. अडचण आली की बँकेत जाऊन बस. फोन उचल. गप्प राहणाऱ्या कर्जदारावरचा विश्वास सगळ्यात आधी जातो.

आता जामीनकीचं. हे तुझ्या बाबांना माझ्यासमोर कधी विचारू नकोस, त्यांना अजून लागतं. ते मुंबईत नोकरीला असताना वाडीतल्या एका मित्रासाठी त्यांनी एका पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली. मित्रानं हप्ते थांबवले. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला आणि बाबांच्या पगारातून कपात सुरू झाली. त्या दोन वर्षांत गणपतीला घरी येताना तुझ्या आजीसाठी लुगडं आणणंसुद्धा त्यांना जमलं नाही. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेचं कर्ज असेल तर ते जामीनदाराच्या रिपोर्टवरही उमटतं. सही हवी असेल तर कर घरच्यासाठी, पण हप्ता आपणच भरायचा आहे असं धरून कर. भिडेखातर तर मुळीच करू नकोस.

बँक आणखी काय बघते, तेही ऐक. गाडी ओढून नेऊन लिलाव करणं कुठल्याच बँकेला नको असतं. तिला पहिला प्रश्न पडतो, हप्ता कशातून येणार? तुझ्या हातात कंत्राटदाराकडून महिन्याला अठरा हजार येतात. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत, असा साधारण हिशेब असतो. म्हणजे नऊ हजार. पिकअपचा हप्ता तेरा हजारांचा. हे गणित नुसत्या पगारावर बसतच नाही, सिबिल कितीही चांगलं असलं तरी. एमआयडीसीतल्या कुणाकडून माल नेण्याचं काम मिळणार असेल तर त्यांचं पत्र आण. खात्यातून व्यवहार दाखव. भाड्याचे पैसे रोख घेऊन रोखच खर्च केलेस तर बँकेच्या लेखी ते उत्पन्न नव्हेच. आयकराचं विवरणपत्र भर. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली की गाडी चार दिवस उभी राहते, त्यासाठी तीन हप्ते बाजूला टाकून मगच गाडी घे.

जमिनीवर कर्ज काढू म्हणालास. आपल्या सातबाऱ्यावर बावीस नावं आहेत, त्यातली पाच माणसं हयात नाहीत आणि अर्धी वरकस जमीन. कुठली बँक ते तारण घेईल? वारस नोंदी आधी करून घ्यायला हव्यात, पण त्याला वेळ लागतो. गाडीसाठी त्या वाटेला जाऊ नकोस. पीककर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं, ते शेतकऱ्यांसाठी चांगलंच झालं, पण पिकअपला ते लागू नाही.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मी किती चांगल्या मुलांचे रिपोर्ट खराब झालेले पाहिलेत. तुमचा पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो आणि हप्ता पाच तारखेला कापला जातो. खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स, दंड बँकेचाही आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचाही. कर्ज घेतानाच हप्त्याची तारीख बारा मागून घे. मागितली की बऱ्याचदा देतात. आपण मागतच नाही.

आता परत एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकत फिरू नकोस. प्रत्येक ठिकाणी तुझी चौकशी नोंदली जाते आणि पुढच्याला वाटतं, हा पैशासाठी हैराण झालाय. ‘पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. वाडीत एकाच नावाचे तिघं असतात, त्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुझ्या नावावर दिसलं तर तक्रार फुकट करता येते. तीस दिवसांत ती मिटवायची असते, नाही मिटवली तर दिवसाला शंभर रुपये भरपाई तुला मिळायला हवी.

तुझ्या धाकट्या भावाचं नाव अजून सिबिलसारख्या कुठल्याच कंपनीकडे नाही. त्याचा त्याला तोटा होऊ नये. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ मागचा इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या जानेवारीत सांगितलेलं आहे. त्याची पाटी कोरी आहे, आणि पुढच्या महिन्यात तो बिनव्याजी हप्त्यावर फोन घ्यायला महाडला येणार आहे म्हणे. त्याला दुकानात एकट्याला पाठवू नकोस. आधी माझ्याकडे घेऊन ये.