नाम आणि शपथ

नेवासे तालुक्यातील घोडेगावचा शुक्रवारचा बाजार म्हशींच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. अशा एखाद्या बाजारात, समजा, आपल्यापैकी कोणी वासनिक म्हैस विकावयास उभा आहे. गिऱ्हाईक वेत विचारते, दात पाहते, कासेवरून हात फिरविते. आदल्या दिवशी धारच काढलेली नसल्याने कास तटतटलेली आहे. गिऱ्हाइकास शंका येते, तेव्हा विकणारा म्हणतो, ‘देवाशपथ, दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध आहे.’ सौदा ठरतो. येथे नामाचे काय झाले, याचा विचार करावयाचा आहे.

असत्य भाषण हा दोष आहेच. परंतु आपला शब्द पुरेसा नाही हे जाणून त्याने ईश्वराचे नाम तारण ठेविले. जो जीवाचा उद्धरिता, त्यास बारा लिटर दुधाला जामीन केले.

यावर कोणी म्हणेल, ‘आपल्या मते जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. मी देवतेची शपथ घेतली, परमेश्वराची नाही.’ ही पळवाट होय. ऐकणाऱ्याने ती शपथ ईश्वराची म्हणूनच मानिली, आणि बोलणाऱ्यासही तेच हवे होते.

श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर भक्तांस सन्निधान उरले नाही. असन्निधानी जीवास नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांच्या स्मरणाचाच आधार आहे. गिऱ्हाइकाचे पैसे एक वेळ परत करता येतील. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मुखाने स्मरणास बसल्यावर, काल खोट्याच्या साक्षीस उभे केलेले नाम अंतःकरणात कसे ठसावे? विकणाऱ्याची खरी हानी ती आहे.

मग स्मरण करिताना चित्त भटकले, तर तेही नाम व्यर्थ गेले काय? तसे समजून कोणी स्मरण सोडू नये. भटकलेले चित्त पुनः पुनः वळवून आणणे हा साधकाचा अभ्यासच आहे. त्यात उणीव असेल, कपट नसते.

म्हाइंभटांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. लीळाचरित्रासाठी त्यांनी श्रीनागदेवाचार्यांस विचारून लीळा मिळविल्या, आणि ज्यांनी स्वामींस पाहिले होते, त्या भक्तांकडे जाऊन चौकशी केली. ईश्वराविषयी मुखातून निघणारा शब्द खरा असावा, यासाठी त्यांनी एवढे कष्ट घेतले. आपल्यास तर केवळ आपल्या म्हशीविषयी खरे सांगावयाचे आहे.

तेव्हा वेत, दूध, खोड जशी असेल तशी सांगावी. दोन पैसे कमी येतील, पण नाम स्मरणासाठी शुद्ध राहील.

दंडवत प्रणाम.